रिमोट दोन, पोरं दहा

पालकहो, आपल्या कळसाडीत संध्याकाळी कुणाच्याही ओट्यावर बसा, पपईचा भाव आणि लाइटीचं वेळापत्रक बोलून झालं की गोष्ट मुलांवर येते आणि मुलांवरून थेट मोबाइलवर. पोरगं मोबाइल दिल्याशिवाय जेवत नाही. हातातून काढून घेतला तर ताट सरकवून देतं. रात्री गोधडीच्या आत उजेड दिसतो. मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारतं, "भाऊ, तुम्ही पोरंसुद्धा व्हिडिओ गेमवर पडून असायचे ना? तुमचं कुठं काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्या बापाला वाटत असतं, मी म्हणावं की काही होत नाही, खेळू द्या. शेजारी बसलेल्या आईला वाटत असतं, मी म्हणावं की काढून घ्या तो मोबाइल आणि कपाटात ठेवा. मला दोन्ही म्हणवत नाही. मी त्या व्हिडिओ गेमच्या डब्यावर खेळत वाढलो, पुढे कॉम्प्युटर शिकलो आणि आता मुलांना तोच शिकवतो. आमच्या खेळात काय होतं आणि आजच्या खेळातून काय काढून घेतलं गेलंय, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. तेच आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

तो डबा तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. पांढरं-लाल प्लास्टिक, वर एक खाच, खाचेत घालायची पिवळी कॅसेट आणि वायरीने जोडलेले दोन रिमोट. मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डो कंपनीने जुलै 1983 मध्ये ते 'फॅमिली कॉम्प्युटर' या नावाने विकायला काढलं. पुढे त्याच्या इतक्या नकला निघाल्या, की मूळ यंत्र कसं दिसतं हे आपल्याकडे कुणी पाहिलेलंच नव्हतं. भारतात 'समुराई', 'मीडिया' अशी नावं चालली. खेड्यापर्यंत पोचले ते बहुतेक बिननावाचे डबे. आमच्या गल्लीतला डबा सुरतेहून आला होता, कुणाच्या तरी मामाच्या पिशवीतून, बस्त्याच्या कापडांखाली ठेवून.

त्याला स्वतःचा पडदा नव्हता. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, तिथे डब्याची वायर खोचायची आणि टीव्हीचं बटण हळूहळू फिरवत राहायचं. डबा आपलं चित्र दूरदर्शनसारखंच एका चॅनेलवर सोडायचा. ते चॅनेल सापडेपर्यंत पडद्यावर नुसत्या मुंग्या. बटण फिरवणारा एकटा आणि "आलं, आलं... गेलं, मागे घे!" असं ओरडणारे बाकी सगळे. कॅसेट लागली नाही तर ती काढून तिच्यात फुंकर मारायची. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि गंमत अशी की अमेरिकेतली पोरंही तेच करत होती. खरं पाहता फुंकरीचा उपयोग नव्हताच, तोंडाच्या वाफेने आतल्या धातूच्या पट्ट्या उलट खराब व्हायच्या. कॅसेट काढून पुन्हा नीट बसली म्हणून चालायची. पण बंद पडलेली वस्तू आपण हात लावून सुरू करू शकतो, हा भरवसा त्यातून मनात बसला. मला पुढे कॉम्प्युटर शिकताना सगळ्यात जास्त कामाला आला तो हाच भरवसा.

आता गर्दीचं सांगतो, कारण खरी गोष्ट गर्दीत आहे. टीव्ही असायचा पुढच्या खोलीत. दोन रिमोट आणि दहा पोरं. शिवाय खाटेवर आबा, दारात धान्य निवडत बसलेली आजी, मधूनच चहाचा कप घेऊन उभं राहून बघणारे काका. नियम साधा होता: लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हातात. कुणी चुकारपणा केला की लगेच ओरड व्हायची, "आते मना नंबर!" एक डाव मिळायला अर्धा तास वाट बघावी लागे. त्या अर्ध्या तासात आम्ही दुसऱ्याचा खेळ बघत असू आणि बघणं हाही खेळच असायचा. कुठे खड्डा आहे, कुठे कासव येतं, कुठे थांबायचं, हे सगळं तोंडाने चालायचं. आबा मध्येच विचारत, "अरे, तो सारखा उड्या का मारतोय?" मग त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागे. एका सहावीतल्या पोराने सत्तर वर्षांच्या माणसाला काही शिकवायचं, हे एरवी घरात कुठे घडतं?

आणि मग लाइट जायची. कधी भारनियमन, कधी डीपी जळालेली. डाव तिथेच संपायचा. त्या डब्याच्या बहुतेक कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. सातव्या स्टेजपर्यंत गेलेलं पोरगं लाइट आल्यावर पुन्हा पहिल्या स्टेजवर. त्याचा राग यायचा, रडूही यायचं. पण पाच मिनिटांत सगळे बाहेर विटी घेऊन निघालेले असत. खेळ थांबतो आणि जग चालू राहतं, हे आमच्या अंगवळणी वीज मंडळाने पाडलं.

दोघांनी मिळून खेळायचे खेळ तर मला आजही शिकवायला घ्यावेसे वाटतात. 'कॉन्ट्रा' नावाचा एक खेळ होता, कोनामी या जपानी कंपनीचा. 1987 मध्ये तो नाण्याच्या मशीनवर आला, दुसऱ्या वर्षी घरच्या यंत्रावर. दोन शिपाई, एक निळा, एक लाल, दोघांनी बरोबर पुढे जायचं. त्यात तिसरी स्टेज धबधब्याची. इथे पडदा वर वर सरकतो. एक जण घाई करून वरच्या दगडावर उडी मारून निघाला, की खाली राहिलेला पडद्याबाहेर जातो आणि मरतो. गोळी लागून मरत नाही, मित्राच्या घाईने मरतो. त्या स्टेजवर किती भांडणं झाली असतील! पण मग आपोआप बोलणं सुरू व्हायचं: "थांब, मी आलो. आता तू. आता दोघं." आठ-नऊ वर्षांचं मूल आपला वेग दुसऱ्याच्या वेगाशी जुळवून घेतं, शेजारी बसलेल्याच्या श्वासावरून ओळखतं की तो तयार आहे. हे मला कुठल्याही व्याख्यानातून शिकवता येणार नाही.

त्याच खेळात तीस लाइफ मिळवायची एक युक्ती होती: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. पाढे अडखळत म्हणणारी पोरं ही ओळ झोपेतही म्हणायची. तिच्यामागची हकीकत मला मोठेपणी कळली. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी प्रोग्रामरने 1986 च्या सुमारास दुसऱ्याच एका खेळाच्या चाचणीसाठी ही कळ टाकली होती, कारण तो खेळ त्याला स्वतःलाच फार अवघड जात होता. खेळ विकायला निघाला तरी कळ आत राहून गेली. जपानहून कळसाडीपर्यंत ती पोचली ती तोंडोतोंडी. शहाद्याहून कुणाचा तरी मावसभाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आणि त्याने सांगितली. तो आठवडाभर गल्लीचा राजा होता.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आठवणीतलं गोड झालं. तसं काही असेल तर असो, पण एक गोष्ट मी पुराव्याने सांगू शकतो. ती यंत्रं इतकी लहान होती, की ती कशी चालतात हे मुलाला दिसू शकत होतं. 1985 चा 'सुपर मारिओ' हा सगळा खेळ, त्यातले सगळे डोंगर, किल्ले, पाणी, संगीत, अवघ्या 40 केबीत बसलेला आहे. तुमच्या व्हॉट्सॲपवर सकाळी जे फुलांचं 'शुभ सकाळ' येतं, त्याला बहुधा याहून जास्त जागा लागते. एवढ्याशा जागेत एवढं मांडायचं तर काटकसर आलीच. म्हणून त्यात एक युक्ती केली आहे: आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. फक्त रंग वेगळा. ढग पांढरा, झुडूप हिरवं. आज मी वर्गात मुलांना ते चित्र दाखवतो आणि काही न सांगता नुसतं बघायला लावतो. बऱ्याच वेळाने एखादं मूल ओरडतं, "सर, ढग आणि झाड सेमच आहे!" त्या क्षणापासून ते मूल खेळाकडे वेगळ्या नजरेने बघतं. हे कुणीतरी बनवलंय, बनवताना त्याला अडचण आली, त्याने डोकं चालवलं. म्हणजे मलाही चालवता येईल.

बदकं मारायची बंदूक आठवते? डब्याबरोबर कधीकधी यायची. तिच्यातून काहीच बाहेर पडत नाही. गोळी नाही, किरण नाही. ती बंदूक उलट बघते. घोडा दाबला की पडदा डोळ्याचं पातं लवण्याच्या आत काळा होतो आणि बदक असेल तिथे एक पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा बसवलेला असतो. त्याला उजेड दिसला तर नेम लागला, अंधार दिसला तर चुकला. आमच्यातल्या एकाने ट्यूबलाइटकडे बंदूक धरून बघण्याचा उद्योग केला होता आणि मग आम्ही दिवसभर त्यावरच वाद घातला. उत्तर तेव्हा कुणालाच आलं नाही. पण प्रश्न पडला. जुन्या काचेच्या टीव्हीवरच ती बंदूक चालते, आजच्या सपाट टीव्हीवर नाही, हे पुढे कळलं, आणि टीव्हीवर चित्र कसं उमटतं हे मी त्या एका प्रश्नामुळे मुळापासून वाचलं.

आणि त्या पिवळ्या कॅसेटवर '9999 इन 1' लिहिलेलं असायचं. आत खेळ असायचे मोजके. बाकी तेच खेळ, नाव बदलून किंवा वेगळ्या स्टेजपासून सुरू केलेले. सगळे आकडे एकेक करून उघडून बघणारी पोरं होती आमच्यात. वेष्टनावर जे छापतात ते तपासून घ्यायचं असतं, हे आम्ही त्यातून शिकलो.

घरात खेळायला आलेली खरी कॉम्प्युटरं याच काळातली, पण ती आपल्यापासून लांब होती. ब्रिटनमध्ये 1982 मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचं स्वस्त यंत्र काढलं. तेही टीव्हीलाच जोडायचं आणि त्यातला प्रोग्राम असायचा साध्या टेपच्या कॅसेटवर, ज्या कॅसेटवर आपल्याकडे भजनं लागत. खेळ सुरू व्हायला कित्येक मिनिटं किंकाळ्यांसारखा आवाज ऐकत बसावं लागे. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याचं परवाना घेऊन केलेलं रूप भारतात विकायला आणलं. त्याआधी, 1984-85 मध्ये, केंद्र सरकारने 'क्लास' हा प्रकल्प काढून सुमारे अडीचशे शाळांमध्ये ब्रिटनचेच 'बीबीसी मायक्रो' कॉम्प्युटर दिले होते. शहरातल्या काही मुलांचे हात त्यांना लागले.

या यंत्रांची एक खोड फार मोलाची होती. सुरू केलं की ते काहीच करत नसे. रिकामा पडदा आणि लुकलुकणारी खूण. म्हणजे: तू सांग, मी करतो. मुलं मासिकात छापलेले प्रोग्राम ओळीनुओळ बघून टाइप करत. एक स्वल्पविराम चुकला तर खेळ चालत नसे, मग तो शोधत बसायचं. चूक सापडली, की पुढची हिंमत: उडी थोडी उंच केली तर? लाइफ तीनऐवजी तीनशे केल्या तर? सिमोर पॅपर्ट हे मुलांच्या शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांतलं मोठं नाव. त्यांनी 1980 च्या आपल्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात हेच मांडलं, की मुलाने यंत्राला शिकवावं, यंत्राने मुलाला वळण लावू नये. पालक म्हणून हे एक वाक्य मनाशी धरलं तरी बरंच काम होतं.

ही सोय गेल्यावर काय होतं, हेही लोकांनी पाहिलंय. केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन यांच्या लक्षात आलं, की कॉम्प्युटर शिकायला येणारी मुलं संख्येने घटताहेत आणि येणाऱ्यांना पूर्वीच्या मुलांएवढं काही बनवता येत नाही. घरातली यंत्रं आता फक्त वापरायची झाली होती, आत हात घालायची राहिली नव्हती. त्यातून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हाताच्या पंजाएवढा स्वस्त कॉम्प्युटर बनवला, 'रास्पबेरी पाय'. 2012 मध्ये तो आला. मुद्दाम असा, की मुलाने वायरी जोडाव्यात, चुका कराव्यात.

आपल्या नंदुरबारचं मात्र वेगळंच झालं. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्याच्या गावी क्लास निघाले, तेव्हा आमच्या पिढीने पहिल्यांदा माउस धरला. तोही नोकरीच्या अर्जाला सर्टिफिकेट लागतं म्हणून. आणि 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तो आपल्यासाठी अभिमानाचा दिवस होता. पण विचार करा, आपल्या कितीतरी घरांची कॉम्प्युटरशी पहिली भेट झाली ती अंगठा आणि डोळे टेकवायला, कुणीतरी दुसरा बटणं दाबतोय आणि आपण सांगेल तसं समोर बसतोय अशी. ज्याने ते यंत्र खेळणं म्हणून पाहिलं त्याला त्याची भीती वाटत नाही. ज्याने साहेबाच्या टेबलावर पाहिलं त्याला अजून वाटते. माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी कीबोर्डला हात लावायला कचरणारी मोठी माणसं येतात. "बिघडेल का हो?" असं विचारतात. लहानपणी कॅसेट काढून-घालून वाढलेल्या कुणीही मला हा प्रश्न कधी विचारला नाही.

म्हणून मी तुम्हाला खेळ बंद करा असं सांगणार नाही. पण आजचा मोबाइलवरचा खेळ आणि आमचा डबा यांची तुलना करताना एक हिशेब ध्यानात घ्या. आमची कॅसेट एकदा विकली की विकणाऱ्याचं काम संपलं. आम्ही ती रोज खेळलो काय किंवा माळ्यावर टाकली काय, त्याला फरक पडत नव्हता. आज खेळ फुकट मिळतो. बनवणाऱ्याची कमाई मूल परत येण्यावर आहे. म्हणून रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटते, रात्री नऊला मित्रांच्या नावाने घंटा, आणि शेवटची स्टेज नावाचा प्रकारच नाही. नाण्यावर चालणारी जुनी मशीनंही काही साधुसंत नव्हती, पोरगं लवकर हरावं आणि दुसरं नाणं टाकावं अशीच त्यांची बांधणी असे. पण नाणी खिशात असायची तितकीच. मोबाइलला बापाचं बँक खातं जोडलेलं असतं. पिन मुलाला पाठ असेल तर आजच बदला. खेळातले 'डायमंड' आणि 'स्किन' घेण्यात कापसाचे पैसे गेलेली घरं मी पाहिली आहेत आणि त्या घरांतल्या मुलांचे पडलेले चेहरेही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी आणली आहे, हेही मोठ्या मुलांना आणि त्यांच्या काकांना सांगून ठेवा.

तुमचं मूल 'व्यसनी' झालं, असं मात्र घाईने म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या आजाराची नोंद आपल्या आजारांच्या यादीत केली आहे, ती यादी जानेवारी 2022 पासून लागू आहे. पण तिची अट कडक आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडून खेळच पहिला होतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहतं, आणि हे सगळं साधारण वर्षभर टिकतं, शाळा-घर-झोप बिघडवतं, तेव्हा तो आजार. सुट्टीत चार तास खेळणारा मुलगा आजारी नाही. पण वर लिहिलेलं खरंच दिसत असेल, तर मारहाण करू नका, देवऋषी करू नका. 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, त्यावर बोला, डॉक्टरला दाखवा.

बाकीच्या घरांसाठी माझं मागणं एकच आहे: मूल खेळत असताना त्याच्या शेजारी बसा. पाळत ठेवायला नाही, आबा बसायचे तसे. "हा का पळतोय? हा कोण? तुला कसं कळलं की तो तिथून येणार?" असं विचारा. पहिल्या दिवशी पोरगं तुमच्याकडे संशयाने बघेल, तिसऱ्या दिवशी स्वतःहून दाखवेल. मोबाइल पुढच्या खोलीत खेळायचा, गोधडीत नाही, एवढी एक शिस्त ठरवा आणि ती स्वतःही पाळा. जमलं तर त्याचं चित्र टीव्हीवर लावा, म्हणजे एकाचा खेळ सगळ्यांचा होतो. बंद करायला सांगताना घड्याळापेक्षा डाव बघा. "दहा मिनिटं" म्हटलं की भांडण होतं, "हा डाव संपला की ठेव" म्हटलं की बहुतेक मुलं ठेवतात, कारण अर्धा डाव सोडणं म्हणजे काय हे त्यालाच माहीत असतं. शाळेत किंवा क्लासमध्ये कॉम्प्युटर असेल तर गुरुजींना 'स्क्रॅच' विचारा. अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं, फुकट आहे, ठोकळे जोडून मुलं स्वतःचा खेळ बनवतात. खेळणाऱ्या मुलाने एक छोटासा खेळ बनवला, की मग खेळांचं त्याच्यावरचं गारूड बरंचसं उतरतं.

आता शेवटची गोष्ट, आणि मला ती सगळ्यात जास्त बोलायची आहे.

आमच्या गर्दीत मुलीही असायच्या. कडेवर लहान भाऊ घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. रिमोट तिथपर्यंत कधी पोचायचा नाही. माझी एक चुलत बहीण नुसतं बघून सगळा मारिओ पाठ करून बसली होती. पहिल्याच स्टेजमध्ये पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे हवेत एक न दिसणारा ठोकळा आहे, त्याला डोकं लागलं की एक लाइफ जास्त मिळते. ती नेमकी जागा आम्हाला ती दाराकडून सांगायची. "अजून एक पाऊल. आता मार." तिने स्वतः ती उडी कधी मारली नाही.

हे आपल्याच खेड्यात झालं असं समजू नका. अमेरिकेत 1984 च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण 37 टक्क्यांच्या घरात होतं. मग घराघरांत कॉम्प्युटर आले आणि जाहिरातींतून ते मुलग्यांचं खेळणं म्हणून विकले गेले. पुढच्या पंचवीसेक वर्षांत मुलींचं ते प्रमाण घसरत निम्म्यावर आलं. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी बोलून 2002 मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात हेच समोर आलं: घरातला कॉम्प्युटर पुष्कळदा मुलाच्या खोलीत ठेवलेला असायचा आणि मुलगी भावाच्या खांद्यावरून बघायची. विद्यापीठात पोचेपर्यंत मुलगा बराच पुढे गेलेला. मुलीला वाटे, आपल्याला हे जमतच नाही.

आज आपल्या बऱ्याच घरांत मोबाइल एकच आहे. तो संध्याकाळी आधी मुलाच्या हातात जातो. मुलगी पाणी भरते, भाकरी थापते, भावाला सांभाळते, आणि मग अभ्यासासाठी मागते तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. क्लासमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मुली हुशार आहेत, पण बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघतात. मुलं बघत नाहीत, दाबून मोकळी होतात. हा फरक बुद्धीचा नाही. हात लावायला मिळालं की नाही, एवढाच आहे.

तर माय-बापहो, एवढं करा. घरातला संध्याकाळचा पहिला नंबर मुलीचा ठेवा. तिला खेळू द्या, चुकू द्या, मोबाइलच्या आत काय-काय आहे ते उघडून बघू द्या. तेवढा वेळ धाकट्याला भाऊ सांभाळेल. तो कुरकुर करेल. दोन-चार दिवस करू द्या, मग त्याच्याच तोंडून "ताई, आते मना नंबर" असं ऐकू येईल.